लॅब्रॅडोर कुत्रीचं पोट सारखं बिघडतंय, घरचं खाणं द्यावं की पाकिटातलं? (नाशिक)

इंदिरानगरवाली

नमस्कार मंडळी. आमच्याकडे ३ वर्षांची लॅब आहे, बुंदी. वजन ३६ किलो. दिवाळीपासून तिचं पोट धड नाही. चार दिवस शी बांधीव होते, मग परत पातळ. कधी शेंबडासारखं चिकट पडतं. एकदा रक्ताची बारीक रेघ दिसली म्हणून धावत दवाखाना गाठला. इंजेक्शन झालं, अँटिबायोटिकचा कोर्स झाला, पोट सुधारलं आणि कोर्स संपल्यावर ये रे माझ्या मागल्या. असं दोनदा झालंय. बाकी तब्येत उत्तम. खेळते, उड्या मारते, आणि खायला तर चोवीस तास तयार.

खाणं असं: दोन्ही वेळेला डॉग फूड (वाटीने, अंदाजे), सकाळी दूध-पोळी, रविवारी चिकन-भात. सासूबाईंच्या मते त्या पाकिटातल्या दाण्यांनी उष्णता होते, घरचं साधं द्या. नवऱ्याच्या मते घरचं सगळं बंद करा. दीर म्हणतो कच्चं मटण द्या, कुत्रा मांसाहारी प्राणी आहे. आणि शी पुसायला मात्र मी एकटी! नक्की काय द्यावं? अनुभवी लोकांनी सांगा.

गंगापूररोडकर

आमच्या बीगलचं अगदी हेच झालं होतं. दूध बंद करा, आजपासून. वयाने मोठ्या झालेल्या बऱ्याच कुत्र्यांना दूध पचत नाही. आमचा निम्मा त्रास तिथेच संपला. जंताचं औषध शेवटचं कधी दिलंय?

इंदिरानगरवाली

जंताचं औषध पावसाळ्यात दिलं होतं. दूध बंद केलं तर सासूबाई माझ्याशी बोलणं बंद करतील, पण बघते.

मळेवाला_पिंपळगाव

ताई, तुम्ही शहरातले लोक फार लाड करता. आमच्या मळ्यात तीन कुत्री आहेत. बाजरीची भाकरी, ताक, उरलंसुरलं कालवण. आजवर दवाखान्याचं तोंड बघितलं नाही. द्राक्षं उतरायला लागली की बागेत पडलेले मणी, घड पण खातात. काही होत नाही. कुत्र्याला कुत्र्यासारखं ठेवा.

निवृत्त_पशुवैद्य

नोकरी सगळी ग्रामीण भागात झाली, आता घरी असतो. इथे बसून औषध लिहून देणार नाही, ते तुमच्या डॉक्टरांचं काम. पण या धाग्यात तीन-चार गोष्टींचा गुंता झालाय, तो सोडवतो. जरा लांबेल.

आधी मळेवाले. तुमची कुत्री भाकरी पचवतात यात नवल काही नाही. कुत्रा माणसाबरोबर राहून पिष्टमय पदार्थ पचवायला शिकला. २०१३ मध्ये कुत्रा आणि लांडगा यांच्या जनुकांची तुलना प्रसिद्ध झाली. त्यात स्टार्च पचवणाऱ्या जनुकाच्या प्रती लांडग्यात दोन आणि कुत्र्यात त्याच्या कितीतरी पट निघाल्या. त्यामुळे ताईंच्या दिरांचं ‘कुत्रा म्हणजे लांडगा’ इथेच अडतं. पोळी, भाकरी, भात हे विष नाही. नुसत्या त्यावर कुत्रा पोसणं चूक आहे, एवढंच.

पण द्राक्षांचं सांगताय ते कुणी वाचून करू नका, हात जोडून विनंती. द्राक्षं, मनुका, बेदाणे यांनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. एखादा कुत्रा पसाभर खाऊन हिंडतो आणि दुसरा थोड्याशा मण्यांनी आडवा होतो, म्हणून लोकांचा विश्वास बसत नाही. कारण बरीच वर्षं कळत नव्हतं. २०२१ पासून टार्टारिक आम्लावर बोट ठेवलं जातंय. द्राक्षाच्या वाणाप्रमाणे, पिकण्याप्रमाणे त्याचं प्रमाण बदलतं, म्हणून प्रत्येक वेळचा निकाल वेगळा. किती खाल्ली तर चालतात, याचा आकडा मी कुणाला देणार नाही. खाल्ल्यावर बहुधा दिवसाच्या आत उलट्या सुरू होतात, कुत्रा मलूल होतो आणि पुढच्या दोन-तीन दिवसांत लघवी कमी होत जाते. लघवी बंद झाल्यावर आणलेल्या कुत्र्यासाठी फारसं काही हातात उरत नाही. खाल्ल्याचं दिसलं की पहिल्या तास-दोन तासांतच दवाखान्यात न्या, तिथे औषधाने उलटी करवतात. घरी मिठाचं पाणी पाजू नका, त्याने वेगळीच आफत ओढवते.

चिंचेतही तेच आम्ल भरपूर. चिंच खाल्लेल्या कुत्र्यांच्या मूत्रपिंडाला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. तेव्हा चिंच-गुळाची आमटी ताटात उरली म्हणून कुत्र्यापुढे ओतायची नाही.

आता बुंदी. शी कशी होते ते नीट बघून इथे लिहा: एका वेळी खूप होते की थोडी थोडी, अनेकदा? कुंथते का? रक्त ताजं लाल होतं की शी डांबरासारखी काळी होती? वजन घटलंय का? थोडी थोडी, घाईची, शेंबूड आणि वर ताजं रक्त असेल तर बिघाड मोठ्या आतड्याचा. भरपूर पातळ आणि वजन घटत असेल तर लहान आतड्याचा. काळी असेल तर वरच्या बाजूला कुठेतरी रक्तस्राव असू शकतो, मग थांबायचं नाही. डॉक्टरला हे सांगितलंत तर अर्धं निदान तिथेच होतं. लोक नुसतं ‘लूज मोशन’ म्हणतात आणि गप्प बसतात.

अँटिबायोटिकने बरं वाटतं आणि परत होतं, याचा अर्थ मूळ कारण तसंच आहे. साधे जुलाब बहुतेक वेळा त्याच्याशिवायही थांबतात. शीची तपासणी झाली आहे का?

आणि ३६ किलो? कुत्री उंचीने मोठी नसेल तर हे वजन जास्त आहे. फासळ्यांवर हात फिरवा. दाबावं न लागता बोटांना फासळ्या लागायला हव्यात. वरून बघितल्यावर कंबर दिसायला हवी.

गंगापूररोडकर

डॉक्टर, हा प्रतिसाद जपून ठेवतोय. __/\__

कच्चंच_खरं

डॉक्टरांच्या अनुभवाचा आदर आहे, पण माझी जर्मन शेफर्ड कच्च्या मांसावर आणि हाडांवर आहे. केस चमकतात, शी कडक आणि कमी. डॉग फूडमध्ये निम्मं धान्यच असतं, ते कंपन्यांच्या फायद्यासाठी.

निवृत्त_पशुवैद्य

शी कडक आणि कमी होते ती हाडांमुळे. जास्त झाली की खडूसारखी पांढरी होते आणि कुत्रा कुंथत बसतो. कच्च्या मांसातून साल्मोनेला नावाचा जंतू येऊ शकतो. कुत्रा धडधाकट दिसतो, पण त्याच्या तोंडातून, शीतून घरातल्या रांगत्या मुलापर्यंत, म्हाताऱ्या माणसापर्यंत तो पोचतो. ताईंच्या घरी लहान मुलं आहेत का ते माहीत नाही. असतील तर मी नाही म्हणेन. तुमच्या घरी तुम्ही ठरवा. शिजवलेलं हाड मात्र कुणीच देऊ नका, त्याच्या सुया होतात. रविवारच्या मटणाची नळी टाकली आणि सोमवारी कुत्रा टेबलावर, हे खूप पाहिलंय.

सिडकोची_सुगरण

आम्ही आमच्या पामेरियनला फक्त उकडलेलं चिकन आणि भात देतो, हळद घालून, मीठ नाही. पोटाला हलकं, घरचं, ताजं. यात तर काही वावगं नाही ना?

निवृत्त_पशुवैद्य

बिघडलेल्या पोटाला दोन-तीन दिवस अगदी योग्य. कायमचं नको. नुसत्या मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नावापुरतं. कुत्र्याला कॅल्शियम फॉस्फरसच्या बरोबरीने किंवा थोडं जास्तच लागतं. खाण्यातून मिळालं नाही तर शरीर ते हाडांतून काढतं. वाढत्या पिल्लात तर हे फार लवकर दिसतं. पाय वाकतात, साधी उडी मारली तरी हाड मोडतं, आणि घरचे म्हणतात ‘रोज चिकन खातं हो ते!’ घरचंच द्यायचं तर अंड्याची टरफलं धुऊन, तव्यावर कोरडी भाजून, मिक्सरवर अगदी पिठासारखी करून ठेवा. एका चमच्यात साधारण २ ग्रॅम कॅल्शियम असतं. तुमच्या कुत्र्याला त्यातलं किती, ते वजन सांगून डॉक्टरकडून ठरवून घ्या. मोठ्या जातीच्या पिल्लांना उलट कॅल्शियम जास्त झालं तरी हाडं बिघडतात, त्यामुळे डॉग फूडवर वरून कॅल्शियमच्या बाटल्या ओतू नका. शिवाय जीवनसत्त्वं, झिंक, आयोडीन यांचं गणित राहतंच. म्हणून ज्यांना रोज मापून शिजवणं जमणार नाही त्यांना मी चांगलं डॉग फूड सांगतो. माझा कुठल्या कंपनीशी संबंध नाही. पाकिटावर ‘कम्प्लीट’ लिहिलंय का तेवढं बघा, ‘कॉम्प्लिमेंटरी’ असेल तर ते जेवण नव्हे, खाऊ.

मळेवाला_पिंपळगाव

डॉक्टरसाहेब, वाद घालत नाही, पण आमच्याकडे पिढ्यानपिढ्या कुत्री बागेत आहेत. मेलं तर म्हणतात साप चावला नाहीतर फवारणीचं काहीतरी चाटलं. द्राक्षाचं कुणाच्या डोक्यात येणार? आता तुम्ही सांगताय तर मागच्या सालचं एक आठवतंय. दोन दिवस उलट्या करत होतं, मग उठलंच नाही. बागेत बांधून ठेवणं शक्य नाही. काय करावं?

निवृत्त_पशुवैद्य

मागच्या सालचं कशाने गेलं हे आता कुणी सांगू शकणार नाही. फवारणीही असू शकते, तुमचा अंदाज चुकीचा म्हणत नाही. काढणीच्या दिवसांत पोट भरून खायला घालून मग बागेत सोडा, भुकेलं कुत्रं पडलेले मणी जास्त खातं. पडझडीचे घड गोळा करून झाकण असलेल्या ड्रममध्ये टाका. पॅकिंग शेडजवळ कुत्र्याला येऊ देऊ नका. आणि फवारणीसाठी मोरचूद (कॉपर सल्फेट) कालवलेल्या बादल्या उघड्यावर ठेवू नका, कुत्री त्यातलं पाणी पितात.

लासलगावची_लेक

द्राक्षाचं झालं, आता आमच्या कांद्याचं पण सांगा डॉक्टर. माहेरी कुत्र्याला रस्सा-भाकरी चालते.

निवृत्त_पशुवैद्य

नको. कांदा-लसूण कच्चा असो, शिजलेला असो की मसाल्यातली पूड असो, कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात. एका वेळी किलोमागे १५ ते ३० ग्रॅम कांद्याने रक्तात बदल दिसायला लागतात. म्हणजे १० किलोच्या कुत्र्याला दोन मध्यम कांदे पुरतात. रोज थोडं थोडं गेलं तरी साठत जातं. लसूण तर त्याहून जहाल. लक्षणं लगेच दिसत नाहीत, चार-पाच दिवसांनी हिरड्या पांढुरक्या पडतात, लघवी लालसर-काळपट होते, जिना चढताना धाप लागते. आणि नाशिककरांनो, मिसळीची तर्री पावाला लावून कुत्र्याला देणारे लोक मी स्वतः पाहिलेत. त्यात कांदा-लसूण आलाच, वर ते तेल. एवढं तेल एकदम गेलं तर काही कुत्र्यांच्या स्वादुपिंडाला सूज येते. पोट दुखतं म्हणून पुढचे पाय जमिनीला टेकवून मागची बाजू वर करून उभं राहतं. लोकांना वाटतं आळस देतंय.

पंचवटीकर

अवांतर: आमच्या गल्लीतल्या भटक्या कुत्र्यांना मी रोज बिस्किटं घालतो. ते बरं की वाईट?

निवृत्त_पशुवैद्य

भुकेल्याला मिळतंय ते चांगलंच. पण बिस्किटात साखर आणि मैदा, बाकी काही नाही. त्याच पैशात कणीचा भात आणि चिकनच्या दुकानातून काळीज-मांस आणून शिजवलं, तर जास्त कुत्री जेवतील. पाण्याचं भांडं ठेवायला विसरू नका. आणि लसीकरण, नसबंदी.

इंदिरानगरवाली

सगळ्यांचे आभार, आणि उशिराबद्दल क्षमस्व. डॉक्टर, तुम्ही विचारलेलं सगळं बघितलं. थोडी थोडी, दिवसातून पाच-सहा वेळा, कुंथते, शेंबूड असतो, रक्त होतं ते ताजं लाल. वजन घटलं नाही, उलट फासळ्या शोधाव्या लागल्या. हो, घरात दोन मुलं आहेत.

तुम्ही अजून सांगितलं नव्हतं, पण मी एक केलं. फ्रिजवर कागद लावला आणि सगळ्यांना सांगितलं, बुंदीच्या तोंडात जे जाईल ते लिहायचं, कुणावर रागावणार नाही. आठवड्याचा कागद वाचून मीच खाली बसले. दूध-पोळी एक नव्हती, तीन पोळ्या होत्या, कारण भांडी घासायला येणाऱ्या मावशीही एक देत होत्या. मुलांचं चीज. सासूबाईंच्या पौर्णिमेच्या पूजेचा प्रसादाचा शिरा (बेदाण्यांसह!!). सासऱ्यांची खारी, चहात बुडवून. आणि सासऱ्यांनी प्रामाणिकपणे खाली लिहिलं होतं: ‘कालव्यावर पाणी प्याली, रोजच पिते.’ ते तिला सकाळी गाडीत घालून मखमलाबादच्या बाजूला फिरायला नेतात, ते मला माहीत होतं. पाण्याचं नव्हतं.

गंगापूररोडकर

‘रोजच पिते’ 😂 बाबांना पैकीच्या पैकी मार्क.

निवृत्त_पशुवैद्य

कागद झकास. मी वर्षानुवर्षं लोकांना सांगत आलो, कुणी लावत नाही.

आता कालव्याच्या पाण्यावर लक्ष द्या. जिआर्डिया नावाचा एकपेशीय परजीवी असतो, साचलेल्या-वाहत्या पाण्यातून येतो. जुलाब होतात, थांबतात, परत होतात. तो शीत रोज सापडत नाही, म्हणून एक तपासणी स्वच्छ आली तरी समाधान मानू नका. एक-दोन दिवसांच्या अंतराने तीन वेळा ताजे नमुने द्या. काडेपेटीएवढी शी स्वच्छ डबीत, सकाळची सकाळीच पोचवायची. चाबूककृमीसुद्धा असंच करतो, मोठं आतडं, शेंबूड, रक्त. त्याचीही अंडी रोज सापडत नाहीत. डॉक्टरांना दोन्ही नावं सांगा.

वजनाचं: लॅबचा एक दोष जन्मजात आहे. २०१६ मध्ये कळलं की साधारण चारातल्या एका लॅबमध्ये एका जनुकाचा तुकडा गळालेला असतो आणि पोट भरल्याचा निरोप मेंदूला नीट जात नाही. त्यामुळे तिच्या डोळ्यांकडे बघून वाढायचं नाही. हिशोब सोपा आहे. हवं असलेलं वजन समजा ३० किलो. ३० गुणिले ३०, अधिक ७०, झाले ९७० कॅलरी. वजन उतरवायचं असेल तर दिवसाला एवढ्यावर आणायचं, खाऊ धरून. कोरड्या डॉग फूडच्या १०० ग्रॅममध्ये साडेतीनशे ते चारशे कॅलरी असतात, पाकिटावर बघा. म्हणजे अडीचशे ग्रॅमच्या आसपास, बस. वाटी नको, स्वयंपाकघरातला काटा वापरा. तीन पोळ्यांमध्येच तिचा दिवसाचा तिसरा हिस्सा संपत होता. पण हे पोट थाऱ्यावर आल्यावर, आधी नाही. आणि सगळं एका दिवसात बदलू नका. जुन्यात नवं थोडं थोडं वाढवत आठ-दहा दिवसांत पूर्ण बदल करा, नाहीतर बदलानेच जुलाब होतील आणि तुम्ही म्हणाल नवीन फूड मानवलं नाही.

दूध बंद. सासूबाईंना म्हणावं, चमचाभर दही घाला डॉग फूडवर, त्यात दुधातली साखर कमी असते. बहुतेकींना चालतं. हातून काहीतरी घातल्याचं समाधान त्यांनाही हवं असतं, ते तोडू नका.

पाथर्डीफाटा

माझा प्रश्न वेगळा आहे. डॉबरमन, ६ वर्षं. काल जेवून लगेच गच्चीवर धावला, नंतर ओकारीसारखं करतोय पण काही पडत नाही. पोट जरा टम्म वाटतंय. जिरं-ओवा द्यावा का?

निवृत्त_पशुवैद्य

हे वाचत असाल तर फोन खाली ठेवा आणि कुत्र्याला गाडीत घाला. ओवा नाही, सोडा नाही, काही नाही. खोल छातीच्या जातींमध्ये जठर फुगून पिळा पडतो. ओकारी येते पण पडत नाही, हेच त्याचं लक्षण. काही तासांत जीव जातो. शस्त्रक्रियेची सोय असलेल्या दवाखान्यात आधी फोन करून निघा.

पाथर्डीफाटा

निघालो.

पाथर्डीफाटा

ऑपरेशन झालं. जठर फिरलेलंच होतं, आता टाके घालून पोटाच्या भिंतीला बांधलंय म्हणाले, म्हणजे परत फिरणार नाही. अजून सलाईनवर आहे, पण शेपूट हलवतोय. डॉक्टर, शब्द नाहीत.

निवृत्त_पशुवैद्य

शाब्बास. घरी आला की दिवसातून तीन-चार वेळा थोडं थोडं खायला. जेवणाआधी-नंतर तासभर दंगा नाही. गिळायची घाई असेल तर पसरट ताटात पसरून वाढा.

इंदिरानगरवाली

आमचाही निकाल लागला. पहिले दोन नमुने स्वच्छ, तिसऱ्यात जिआर्डिया. औषध झालं. शेवटच्या दिवशी डॉक्टरांनी आंघोळ घालायला सांगितली, मागच्या केसांना चिकटलेलं परत चाटून पोटात जातं म्हणून. भांडी उकळली, अंगण धुतलं. बाबा आता पाण्याची बाटली आणि स्टीलची वाटी घेऊन फिरायला जातात. शी बांधीव आहे, टच वूड. पोळ्या तीनवरून शून्यावर आणल्या, खारी मात्र अजून अधूनमधून कागदावर उमटते. नवरा, सासूबाई आणि दीर तिघंही आपलंच बरोबर होतं म्हणतायत.

डॉक्टर, एकच शेवटचं. कुणीतरी भोपळा घालायला सांगितलाय. लाल की दुधी? आणि कच्चा किसून की कसा?

निवृत्त_पशुवैद्य

लाल. साल-बिया काढून वाफवायचा, कुस्करून दोन-तीन चमचे फूडवर. मीठ, गूळ, फोडणी काही नाही. भाजी उरलीय म्हणून ती देऊ नका, तिच्यात मेथ्या आणि तिखट असतं. शी जास्तच मऊ झाली तर प्रमाण कमी करा.